एका खोऱ्याचे अनेक दावेदार

देवटेक हे चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातले लहानसे गाव. तिथे मिळालेली एक शिळा आज नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे आणि तिच्यावर दोन लेख आहेत. जुना लेख ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला, अशोकाच्या काळाचा. कुणा स्वामीची आज्ञा त्यात आहे : इथे प्राणी धरू नयेत, मारू नयेत, जो आज्ञा मोडेल त्याला दंड होईल. दुसरा लेख वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा, म्हणजे सुमारे सहाशे वर्षांनंतरचा. त्याने त्याच शिळेवर कोरून ठेवले, की चिक्कंबुरी येथील हे रुद्रसेनाचे धर्मस्थान आहे. वासुदेव विष्णु मिराशींनी दोन्ही लेख वाचले, आणि चिक्कंबुरी म्हणजे देवटेकला लागून असलेले चिकमारा, हेही दाखवून दिले.

रुद्रसेन महाभैरवाचा कट्टर भक्त. वाकाटकांच्या ताम्रपटांत त्याची ओळखच तशी करून दिलेली असते. अशा राजाला आपल्या देवळासाठी कोरी शिळा मिळाली नसती काय? या मुलखात दगडाला तोटा कधीच नव्हता. तरी त्याने अहिंसेची आज्ञा कोरलेली जुनी शिळाच घेतली. माझ्या मते यात जुन्या धर्माचा पाडाव वगैरे शोधण्यात अर्थ नाही. जागेची पत आधीच ठरून गेलेली होती आणि राजाला ती पत हवी होती, एवढा साधा हा मामला असावा.

वैनगंगा आणि प्राणहिता यांच्या खोऱ्यावरच्या या लेखसंग्रहाची ओळख करून देताना मी त्या शिळेपासून निघतो, कारण इथल्या अडीच हजार वर्षांत हाच व्यवहार पुन्हा पुन्हा झालेला दिसतो. नवा आला की तो जुन्या पवित्र जागेवर आपला दावा सांगतो. आधीचा दावेदार मात्र पुरता निघून जात नाही. म्हणून राजघराण्यांच्या क्रमाने हा इतिहास लिहायला गेले की तो तुटक वाटतो, मधली शतकेच्या शतके रिकामी दिसतात. जागा धरून वाचला तर सलग लागतो. या पुस्तकाची मांडणी जागांवर आहे ती यासाठी.

आधी भूगोल. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडारा, पवनी, ब्रह्मपुरी, वडसा असे गाठत दक्षिणेकडे येते. आज चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांची हद्द बऱ्याच अंतरापर्यंत तीच आहे. २६ ऑगस्ट १९८२ पूर्वी मात्र दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते. पश्चिमेकडून वर्धा येते ती पैनगंगेला पोटात घेऊनच. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळतात आणि तिथून पुढे नदीचे नाव प्राणहिता. ११३ किलोमीटर वाहून ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. समोरच्या काठावर तेलंगणातले कालेश्वरम्. तापी-पूर्णेकडे जाणारे पाणी सोडले तर विदर्भाचे बहुतेक पाणी सिरोंच्यावरून जाते, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. नागपूरच्या वाचकालाही असतेच असे नाही.

या प्रवाहावर तीर्थे ठरलेली आहेत. चपराळ्याच्या संगमावर हनुमानाचे देवस्थान आहे आणि भोवती १९८६ साली जाहीर झालेले अभयारण्य. मार्कंड्याला दक्षिणवाहिनी वैनगंगा वळण घेऊन थोडा वेळ उत्तरेकडे वाहते, म्हणून तिथले स्नान मोठे. सिरोंच्याला दर बारा वर्षांनी प्राणहितेचा पुष्कर भरतो. मागचा एप्रिल २०२२ मध्ये झाला. चंद्रपुरात चैत्रात महाकालीची यात्रा भरते, तेव्हा नांदेड-परभणीकडून माणसे येतात. डोक्यावर गाठोडे, हातात पोत, सोबत हलगी. देवीच्या दर्शनाआधी झरपटीत उतरून अंघोळ. झरपटीचे पाणी आता अंगाला लावण्याजोगे उरलेले नाही, तरी माणसे उतरतात. शहरातल्यांना हे पाहून संकोच होतो. मराठवाड्यातून आलेल्या बाईला होत नाही, कारण तिच्या लेखी ती नदी चंद्रपूर महानगरपालिकेच्या हद्दीतली नसून देवीच्या हद्दीतली आहे.

नदीला असे देवस्थान मानणाऱ्यांत याच खोऱ्यात आणखी एक भर पडलेली आहे. गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडाच्या पायथ्याशी १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिथले पाणीही शेवटी वैनगंगेतच येते. या लोकांच्या मायदेशी, कैलासाच्या बाजूने निघणाऱ्या सतलजच्या खोऱ्यात, आधी झांगझुंग आणि मग गुगे अशी राज्ये नांदली, आणि बौद्ध धर्म तिथे रुजला तोही जुन्या बोन परंपरेने पवित्र मानलेल्या डोंगर-सरोवरांशी जुळवून घेत. प्रतापगडावर महाशिवरात्रीची यात्रा भरते, तिथे दर्गाही आहे, खाली गोंपा आहे. तिबेटच्या पवित्र खोऱ्यांवर जगभर ग्रंथ निघतात, आणि निघावेत. आपल्या खोऱ्यावर मराठीत एक धड पुस्तक नसावे याचे मात्र वाईट वाटत आले.

नदीच्या आधीचे सांगायचे तर काळ फार मागे जातो आणि मी तो झटपट ओलांडतो. प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. तिथल्या थरांतले जीवाश्म मासे १८५०च्या सुमारास युरोपातल्या विद्वानांपर्यंत पोचले. त्याच थरांत, नदीपलीकडे, बारापासॉरस या अवाढव्य शाकाहारी डायनासोरची हाडे मिळाली. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला जीवाश्म उद्यान झाले आहे. चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा ज्या खडकांत आहे त्यांना भूशास्त्राने गोंडवन हे नाव १८७०च्या दशकात दिले. हा भाग या संग्रहात एका लेखापुरता आहे, कारण आमचा विषय माणूस आहे.

माणसाची सर्वांत जुनी खूण चंद्रपूर शहराला लागूनच मिळते. पापामिया टेकडीवर अश्मयुगीन हत्यारे सापडतात, हातकुऱ्हाडींपासून पुढच्या काळातल्या बारीक पात्यांपर्यंत. टेकडी म्हणावी असा उंचवटा नाही; माहिती नसलेला माणूस सरळ चालत पुढे जाईल. त्यानंतरचा मोठा टप्पा लोहयुगाचा, महापाषाणांचा. नागपूरच्या बाजूला जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड येथे शिळावर्तुळे आहेत. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच उत्खननात मिळाली. दक्षिणेकडे उतरू लागलो की वर्तुळांसोबत उभ्या शिळा आणि दगडी खोल्यांसारखी शवस्थाने दिसू लागतात. केळझर, वाघनख, चामोर्शी, चिमूर तालुक्यातले हिरापूर ही त्यातली नावे. लोहखनिज या भागात डोंगर भरून आहे. सूरजागडच्या खाणीची बातमी आज रोज असते, पण लोखंड ओळखणारी आणि गाळणारी माणसे या खोऱ्यात निदान अडीच हजार वर्षांपूर्वी होती.

इथे एक अडचण उभी राहते आणि ती मला फार मोलाची वाटते. भामरागड-एटापल्लीकडचे माडिया आजही आपल्या मृतांसाठी शिळा उभ्या करतात. गावाबाहेर, वाटेच्या कडेला, कमरेएवढे किंवा पुरुषभर उंच, न घडवलेले दगड ओळीने रोवलेले असतात. दगड कुठला आणायचा, तो कुणी उचलायचा, जेवण कुणी द्यायचे, हे सगळे नात्यांनी ठरलेले असते. पुरातत्त्ववाल्यांना यात जिवंत महापाषाण संस्कृती दिसते. दिसणे स्वाभाविक आहे. पण म्हणून चामोर्शीची लोहयुगीन शिळा माडियांच्या पूर्वजांनी उभी केली असे ठरत नाही, आणि आजचा माडिया लोहयुगात राहतो असे तर मुळीच ठरत नाही. त्याच्या खिशात मोबाइल असतो आणि तेंदूपानाच्या लिलावाचा हिशेब त्याला चोख येतो. या संग्रहातले दोन लेखक या मुद्द्यावर एकमेकांशी सहमत नाहीत. आम्ही दोघांचेही म्हणणे जसेच्या तसे ठेवले आहे.

इतिहासकाळात खोऱ्याचे पहिले मोठे शहर म्हणजे पवनी. ते भंडारा जिल्ह्यात असले तरी त्याच्याविना खालच्या खोऱ्याचा अर्थ लागत नाही. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी १९६९-७० मध्ये तिथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली स्तूप निघाला, कठड्याचे खांब निघाले, त्यांवर दान देणाऱ्यांची नावे, आणि मुचलिंद नागाचे नाव कोरलेले. बुद्धावर फणा धरणारा हा नाग. पवनीच्या दक्षिणेला, भांदकला म्हणजे भद्रावतीला, भद्रनागाचे देऊळ आजही गावाचे मुख्य देऊळ आहे आणि त्याच गावाच्या विजासन टेकडीत बुद्धाची लेणी आहेत. नागपूजा जुनी की बौद्ध धर्म जुना, असा प्रश्न विचारला की उत्तर सोपे असते. एकाने दुसऱ्याला कसे सामावून घेतले, हा प्रश्न अवघड, आणि त्याचे उत्तर ग्रंथांपेक्षा अशा दोन-तीन गावांत अधिक सापडते. पवनीच्या वायव्येला, कुही तालुक्यातल्या अडम येथे अमरेंद्र नाथ यांनी तटबंदीचे गाव उकरले. तिथल्या मातीच्या मुद्रेवर अस्सक जनपदाचे नाव आले. जंगलाचा म्हणून बाजूला टाकलेला हा प्रदेश जनपदांच्या नकाशावर होता, याला यापेक्षा ठळक पुरावा काय हवा!

भांदकबद्दल थोडे सावधपणे लिहायला हवे, कारण या गावावर विद्वानांनी अपेक्षांचे फार ओझे टाकले. चिनी प्रवासी युआन श्वांग सातव्या शतकात ज्या कोसल राज्यात गेला त्याची राजधानी चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, भागात होती, असे एकोणिसाव्या शतकातल्या अनेकांना वाटे. कुणी चांद्याकडे बोट दाखवले, कुणी भांदककडे, कुणी वैरागडाकडे. एक महत्त्वाचा बौद्ध शिलालेख भांदकचाच म्हणून बराच काळ सांगितला गेला. पुढे तो छत्तीसगडमधल्या आरंगचा मानला जाऊ लागला. आज बहुतेक अभ्यासक कोसलची राजधानी छत्तीसगडातच शोधतात. भांदकचे यात काही बिघडत नाही. राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाचा शके ६९४चा, म्हणजे इ. स. ७७२चा ताम्रपट तिथलाच आहे आणि तो सूर्यमंदिराला दिलेल्या गावाचा आहे. नाग, बुद्ध, सूर्य, आणि विसाव्या शतकात नावारूपाला आलेले पार्श्वनाथाचे जैन तीर्थ. शिवाय कोळशाच्या खाणी आणि आयुध निर्माणी. एवढे सगळे एका गावाच्या शिवारात असताना ते कोसलची राजधानी होते की नाही याची काळजी आपण कशाला करावी?

आता मार्कंडा. इथे मी रेंगाळणार आहे.

चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठाला अगदी लागून, एका आवारात देवळांचा समूह आहे. मुख्य देऊळ मार्कंडेश्वराचे. शिवाय मृकंड ऋषींचे, यमधर्माचे, दशावताराचे अशी लहानमोठी देवळे. कथा सर्वांना ठाऊक आहे. सोळाव्या वर्षी मरण लिहिलेला मार्कंडेय शिवलिंगाला मिठी मारून बसतो आणि शिव यमाला परत पाठवतो. पण हरलेल्या यमालाही आवारात स्वतःचे देऊळ देणारे तीर्थ माझ्या पाहण्यात दुसरे नाही. खाली प्राणहिता जिथे गोदावरीला मिळते त्या कालेश्वरम्‌लाही एका शाळुंकेत दोन लिंगे आहेत, एक शिवाचे आणि एक यमाचे. नदीच्या दोन टोकांना मृत्यूशी असा समझोता असणे हा योगायोग असेल. मला तो योगायोग वाटत नाही, पण सिद्ध करता येणार नाही.

अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७०च्या दशकातल्या मध्य प्रांताच्या दौऱ्यात हे देऊळ पाहिले. भिंतींवरच्या तीन ओळींतल्या मानवी मूर्ती त्याने मोजल्या आणि त्या चारशेहून अधिक भरल्या. खजुराहोशी त्याने तुलना केली आणि काळ दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपास धरला. तिथून विदर्भाचे खजुराहो हे बिरुद चिकटले ते आजच्या पर्यटन पत्रकांपर्यंत सुटलेले नाही. मला ते पटत नाही. खजुराहोला पाठीशी चंदेल राजे आहेत, त्यांचे शिलालेख आहेत. मार्कंड्याच्या मागे कोणते घराणे उभे होते हे एवढ्या खात्रीने सांगता येत नाही, आणि तिथेच त्याचे खरे वेगळेपण आहे. लोकांनी ती जागा भरून काढली. कुणी हेमाडपंताचे नाव घेते, कुणी एका रात्रीत देवांनी बांधले म्हणते. वीज पडून शिखर कोसळले आणि गोंड राजाने ते सावरले ही हकिकत मात्र दगडात दिसते : मंडपात मूळ घडणीशी न जुळणारे जाडजूड आधार नंतर उभे केलेले आहेत. कलेच्या अभ्यासकाला ते आधार खुपतात. मला त्या देवळातला तोच भाग सर्वांत बोलका वाटतो. आपल्या कुळाने न बांधलेल्या, आपल्या पेनठाण्यात, म्हणजे कुळाच्या देवस्थानात, न बसणाऱ्या देवळाला गोंड राजाने टेकू दिला. रुद्रसेनाने देवटेकला जे केले त्याचीच ही पुढची पायरी. फरक एवढा, की गोंड राजाने जुन्या दगडावर आपले नाव कोरले नाही.

गेल्या काही वर्षांत दुरुस्तीसाठी मुख्य देवळाचे दगड उतरवले गेले आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळले. महाशिवरात्रीला लाखभर माणूस येते, पाळ पडतात, नदीच्या वाळूत तंबू लागतात, आणि देऊळ मचाणात अडकलेले. लोकांचा राग रास्त आहे. पण घाईने उभारलेल्या भिंतीपेक्षा उशिराने नीट जुळवलेली भिंत बरी, असे मी गावकऱ्यांचे बोलणे खाऊनही म्हणेन.

गोंड राजवटीचा इतिहास मराठीत सर्वांत अधिक लिहिला गेला आणि तरी सर्वांत कमी तपासला गेला. १८६९ साली चांद्याचा बंदोबस्त अधिकारी मेजर ल्युसी स्मिथ याने अहवालात राजांची वंशावळ दिली आणि तिची सुरुवात नवव्या शतकात नेली. तोंडी परंपरेवर बेतलेली ही यादी पुढे गॅझेटियरने आणि मग प्रत्येक शालेय पुस्तिकेने उचलली. प्रारंभाचा काळ बराच अलीकडे आणावा लागतो, असे नंतरच्या अभ्यासकांचे मत. पक्का आधार मिळतो तो ऐन-इ-अकबरीत : चांद्याचा गोंड राजा बाबाजी, आणि हिऱ्याची खाण असलेले वैरागड. पुढे १७५१ साली नीळकंठशहा नागपूरकर भोसल्यांच्या कैदेत गेला आणि राज्य संपले. मधल्या काळात जे उभे राहिले ते मात्र आजही उभे आहे. चंद्रपूरचा परकोट, त्याचे जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे, राणी हिराईने नवऱ्यासाठी, बीरशहासाठी, बांधलेली समाधी, जुनोन्याचा तलाव. जंगल तोडून जमीन उठवणाऱ्याला ती जमीन आणि तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखालचे शेत, असा गोंड राजांचा दंडक असल्याचे सांगतात. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे बोडी-तलावांचे आणि धानाचे जे जाळे दिसते त्याचे मूळ तिथे असावे, आणि त्यात कोहळी समाजाच्या हातांचा वाटा राजांइतकाच आहे. भोसले आणि इंग्रज यांच्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही. बाबुराव शेडमाके यांच्या १८५८च्या उठावावर आणि त्यांच्या फाशीवर संग्रहात स्वतंत्र लेख आहे.

एक तारीख मात्र सोडता येणार नाही. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेब आंबेडकर चंद्रपूरला आले आणि तिथेही हजारोंनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर विजासनच्या लेण्यांना आणि पवनीच्या स्तूपाला नवे वारस मिळाले. पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीमागे पडून राहिलेल्या जागा पुन्हा मेणबत्त्यांनी आणि वंदनेच्या आवाजाने भरल्या. खोऱ्यातल्या पवित्र जागांच्या इतिहासात गेल्या हजार वर्षांत याहून मोठी घडामोड झाली नसेल.

या सगळ्याचा अभ्यास कुणी आणि कसा केला, तेही नवख्या वाचकाला कळले पाहिजे. सर्वांत जुनी परंपरा स्थलमाहात्म्यांची. तिला तारखांशी देणेघेणे नाही, पण नदीचे वळण, कुंड, परिक्रमेची वाट हे तपशील ती अचूक सांभाळते. मग आले मिशनरी आणि अधिकारी. नागपूरचा स्टीफन हिस्लॉप खडकही जमवी आणि गोंडांची गाणीही उतरवून घेई. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना तो पुरात बुडाला. गोंडांच्या कथा गाणाऱ्या परधानाकडून मिळालेली, त्यांचा आदिपुरुष लिंगो याची दीर्घकथा त्याच्या कागदपत्रांत होती. ती रिचर्ड टेंपलने १८६६ साली छापली. बेग्लर, कनिंगहॅम आणि गॅझेटियरकार यांनी मोजमापे दिली, त्यांच्याविना आपण आंधळे असतो. पण त्यांनी केलेली वाटणी अजून आपल्याला भोवते : देऊळ पुरातत्त्वाच्या अहवालात गेले, देवळाबाहेर बसलेला गोंड जाती-जमातींच्या खंडात गेला, आणि दोघांची भेट पुन्हा कधी झाली नाही.

हिरालाल आणि मिराशी यांच्या पिढीने कोरीव लेखांचे पायाभूत काम केले. मिराशींचा वाकाटक लेखांचा खंड १९६३चा. त्यावाचून पूर्व विदर्भावर एक ओळ लिहिता येत नाही. या शाखेची मर्यादा उघड आहे. ज्यांनी लिहिले नाही ते तिला दिसत नाहीत. स्थानिक लेखकांत अ. ज. राजूरकरांचा ‘चंद्रपूरचा इतिहास’ हा अजूनही पहिला वाचावा असा ग्रंथ आहे. भाबडेपणा आहे, पण पायपीटही आहे. नंतर आदिवासींनी स्वतः लिहायला घेतले. मोतीरावण कंगाली यांनी पारी कुपार लिंगो आणि गोंडी पुनेम यांवर आयुष्यभर काम केले. सिंधू लिपी गोंडीतून वाचण्याचा त्यांचा प्रयत्न मला मान्य नाही. पण पेनठाणी, गोत्रांच्या वाटा, जंगो रायताडच्या कथा यांना इतिहासाचे साधन म्हणून हातात घ्यायला लावले ते त्यांनी, आणि हे ऋण विद्यापीठांनी पुरेसे कबूल केलेले नाही. शेवटची शाखा शाखा म्हणून कुणी मोजत नाही : पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीचे अभ्यासक आणि झाडीपट्टीची रंगभूमी. दिवाळीनंतर वडशातून निघणारी नाटके आणि त्याआधीची दंडार यांतून गावोगावच्या देवांच्या, तलावांच्या, बळी गेलेल्यांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या फिरल्या. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी झाडीबोली नोंदवली नसती तर त्यातले निम्मे शब्द आपल्याला कळलेही नसते.

हे पुस्तक आजच का? पहिले कारण पाणी. पवनीच्या वर गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन एप्रिल १९८८ मध्ये झाले आणि पुढे पाणी अडल्यावर नदीचा स्वभाव बदलला. खाली चामोर्शीजवळ चिचडोहचा बंधारा झाला. गोदावरीवर मेडीगड्डाचा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. मधल्या वर्षांत सिरोंच्याकडची शेते पाण्याखाली जाऊ लागली. काठ खचला की काठावरचे जुने वस्तीथर पहिले जातात, आणि त्यांची नोंद बहुतेक ठिकाणी झालेलीच नाही. दुसरे कारण खाण. सूरजागडचा डोंगर लोहखनिजाचा आहे आणि त्याच डोंगरावर ठाकूरदेव आहे, ज्याच्या यात्रेला जानेवारीत एटापल्ली-भामरागडकडची गावे जमतात. पापामिया टेकडीवर इमारती येऊ घातल्या तेव्हा अश्मयुगाचे काय करायचे हा प्रश्न शहराला पहिल्यांदा पडला. सगळेच चित्र वाईट नाही. चंद्रपूरच्या परकोटावरची झाडेझुडपे आणि कचरा इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून रोज सकाळी खपून काढला. तटावरून आता चालता येते.

तिसरे कारण कायद्याचे आहे आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. २००६च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत दाव्यासाठी जे पुरावे धरले जातात त्यांत जुन्या विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थाने यांचा समावेश आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे गडचिरोलीत शेकडो ग्रामसभांनी दावे केले. दावा करताना गावांनी आपले पेनठाणे कुठे, पुरखे पुरले ती जागा कुठे, देवाचा दगड कुठला, हे नकाशावर मांडले. इतिहासकारांनी जे कधी केले नाही ते ग्रामसभांनी गरज म्हणून केले. या दावा-नकाशांचा इतिहासाचे साधन म्हणून वापर करणारे तीन लेख या संग्रहात आहेत आणि माझ्या लेखी पुस्तकाचे वजन त्यांत आहे.

तेव्हा या पुस्तकाचा खटाटोप एवढाच : मार्कंड्याचे शिल्प, पवनीची वीट, माडियांची शिळा आणि ग्रामसभेचा नकाशा एकाच टेबलावर मांडायचे. लेख लिहिणाऱ्यांत प्राध्यापक आहेत, शिक्षक आहेत, वनखात्यातून निवृत्त झालेले आहेत, ग्रामसभेचे कार्यकर्ते आहेत. भाषा सगळ्यांची सारखी करण्याचा मोह आम्ही टाळला. झाडीबोलीतला मजकूर तसाच छापला आहे. गावांची नावे तिथले लोक म्हणतात तशी दिली आहेत, सरकारी नाव वेगळे असेल तिथे तेही सोबत.

नक्षलवादावर स्वतंत्र लेख नाही. गडचिरोली म्हटले की तेवढेच लिहिले जाते, म्हणून तो मुद्दाम ठेवला नाही. पण त्याची सावली नकाशावर आहे. पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या नकाशात नागभीड, चिमूर, मूल, चामोर्शी या भागांत ठिपके दाट आहेत आणि एटापल्ली, भामरागड, सिरोंच्याचा पूर्व भाग जवळजवळ कोरा. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमापाशी जुनी वस्ती नव्हती म्हणून तो कोरा नाही. चाळीस वर्षे तिकडे सर्वेक्षणाला फारसे कुणी गेले नाही म्हणून कोरा आहे. त्या तालुक्यांतल्या वाचकांना विनंती, की गावाचे नाव, तालुका, जवळचा नाला आणि जागेला गावात काय म्हणतात एवढे लिहून प्रकाशकांकडे पाठवावे. फोटो असला तर उत्तम, नसला तरी चालेल. जिथे फोटो काढणे गावाला मान्य नसेल तिथे काढू नये.